घराण्याची अब्रू आणि खोटा पेशंट

भाचीनं मला पेशंट व्हायला बोलावलं, तेव्हा मी हौसेनं दाढी वाढवून गेलो. "मामा, दाढी की जरूरत नहीं थी," ती म्हणाली. आमची पोट्टी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते.

रायपूर राजधानी झाल्यावर मोठाली इस्पितळं उभी राहिली. त्यातल्याच एकात ती नोकरीला. क्वचितच कुणाला होणारे आजार ओळखणारा एक प्रोग्रॅम तिथे आला होता. तो खऱ्या रोग्यांवर वापरण्याआधी खेळात तपासायचा, ही तिची कल्पना. पेशंट खोटा, डॉक्टर खरा, प्रोग्रॅमही खरा. मोठ्या डॉक्टरसाहेबांना खेळ पटला तर ठीक, नाहीतर तिचं काम गुंडाळणार.

माझं सोंग कार्डावर लिहिलेलं: पंडरी बाजारातला कापडवाला, जिना चढताना पाय लटपटतात, त्याच्या मामालाही तेच झालेलं, घरात लग्नाची मुलगी. मी भूमिकेत इतका शिरलो की सकाळी बायकोला साडीचा ठोक भाव सांगितला.

तरुण डॉक्टरनं विचारलं, "परिवार में किसी को ऐसी तकलीफ?"

खेळ बघायला समोर अनोळखी मंडळी बसलेली. घरात लग्नाची पोरगी! मी ताठ झालो. "हमारे खानदान में तो सर्दी भी नहीं होती."

"माँ की तरफ? मामाजी को?"

"मामा? वो तो पहलवान थे!"

प्रोग्रॅमनं बिचाऱ्यानं मला जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या. भाचीनं मला कोपऱ्यात ओढलं.

"मामा! कार्ड में साफ लिखा था!"

"अगं, घरात लग्नाची पोट्टी आहे ना!"

"कौन-सी पोट्टी? आपका तो एक बेटा है!"

मागे मोठे डॉक्टरसाहेब उभे. भाचीचा चेहरा उतरला. साहेब मात्र हसत म्हणाले, "मेरी ओपीडी में रोज यही होता है. पेशंट सच ही बोले, तो मशीन की परीक्षा क्या हुई? यही सवाल अकेले में पूछो, फिर खेलो. आगे के राउंड भी रखो."

मंडळी बाहेर गेली, दार लागलं. तरुण डॉक्टरनं हळूच पुन्हा विचारलं. मी दाराकडे बघून मामाचं सगळं सांगून टाकलं. प्रोग्रॅमनं आजार बरोब्बर ओळखला. मी पुढे वाकलो, "डॉक्टरसाब, लड़केवालों को पता तो नहीं चलेगा?"

"नहीं अंकल," तोही गंभीरपणे म्हणाला.

भाची खुशीत आत आली. "मामा, अगले राउंड में आप बेहोश पेशंट हैं. बोलना बिलकुल नहीं."

"घोरलं तर चालते ना?"