घरभेटीचा कूलर

आमच्या घरी संस्थेची माणसं दोनदा आली. पहिल्यांदा न सांगता आली आणि मी शिकले. दुसऱ्यांदा सांगून आली, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण तिथेच अडलं. माझ्यापेक्षा ती हुशार होती. हे मी मोठेपणाने म्हणत नाही, माझी गणितं तीच सोडवून द्यायची.

संस्था नागपूरची. दहावीत चांगले गुण मिळवलेली गरीब घरची मुलं निवडायची, त्यांना शहरात होस्टेल, क्लास, पुस्तकं द्यायची आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमून द्यायची. काम चांगलं होतं, अजूनही आहे. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते. पण निवडीच्या आधी त्यांची घरभेट असायची. मुलगा किंवा मुलगी 'खरोखर गरजू' आहे का, ते बघायला दोघं-तिघं घरी यायचे. त्या 'खरोखर' शब्दाची मला आजही चीड येते.

आम्ही खापरखेड्याचे. कोळशाच्या वीज केंद्राच्या कॉलनीत नव्हे, कॉलनीच्या भिंतीमागच्या वस्तीत. भिंतीच्या आत परमनंट लोकांचे क्वार्टर, बाहेर ठेकेदाराच्या माणसांची टिनाची घरं. राख मात्र दोन्हीकडे सारखी पडायची. बाबा ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर होते आणि माय कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये धुणंभांडी करायची. त्या क्वार्टरमधल्या बाईंना आम्ही काकू म्हणायचो.

पहिल्या भेटीच्या वेळी माय दाराशी बसून भांडी घासत होती, केस सुटलेले, हाताला राख. बाबा रातपाळी करून जमिनीवर झोपले होते. दारात एक बाई आणि एक सर येऊन उभे राहिले. बसायला बाज होती, तिची एका बाजूची दोरी तुटलेली. सर त्या खळग्यात बसले आणि मग त्यांना उठता येईना. दूध नव्हतं म्हणून चहा झाला नाही. घरात धड ग्लास एकच होता, तो मायने आधी बाईंना दिला, विसळला, मग सरांना दिला. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. महिन्याभरात कळलं की माझी निवड झाली.

वस्तीत कौतुक झालं. बाबांनी पेढे वाटले. माय एकटीच उदास होती. "पाहुणे बिनाचायचे गेले वं," ती म्हणाली. "पयल्यांदा कोणी शहरातून आलं आपल्या घरी, अन् मी त्याईले पाणी पाजून पाठोलं." हे ती पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली. तिच्या लेखी मुलगी निवडली गेली ही एक गोष्ट होती आणि पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं ही दुसरी. पहिलीने दुसरी भरून निघत नव्हती.

घरी आलेल्या त्या बाईच माझ्या मार्गदर्शक झाल्या. प्रताप नगरात राहायच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. त्या माझा अभ्यास बघायच्या, जेवायला घालायच्या आणि 'मले'चं 'मला' करून घ्यायच्या. सुट्टीत घरी गेले की धाकटी माझी नक्कल करायची, "आम्हाला पाणी देता का हो जरा?" आणि पोट धरून हसायची. बाईंवर माझा जीव होता. पुढे जे झालं त्याने तो कमी झाला नाही, आणि हेच मला जास्त छळतं.

धाकटीचं वेड वेगळं होतं. वीज केंद्राच्या गेटमधून एकदा तिने एक इंजिनिअर बाई बाहेर पडताना पाहिली होती, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि मागे चार पुरुष माना हलवत चालले होते. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. "बाबा मागच्या गेटातून जाते ना, मी समोरच्या गेटातून जाईन. हेल्मेट घालून." तिला दहावीला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण पडले. बाबांना तेव्हा दम लागायला लागला होता. संस्थेशिवाय तिला नागपुरात ठेवणं आम्हाला कुठल्याच जन्मात जमलं नसतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंना मायची ती बिनाचहाची हळहळ मीच कधीतरी सांगितली होती. त्यांनी ती लक्षात ठेवली. संस्थेची रीत न सांगता जायची, पण त्यांनी आदल्या दिवशी मला फोन केला. "उद्या येतोय. तुझ्या आईला आधी सांगून ठेव, म्हणजे त्यांची धांदल व्हायला नको." चांगुलपणाने केला होता तो फोन. मी सुट्टीत घरीच होते, धावत जाऊन मायला सांगितलं.

आता आमच्या वस्तीत एव्हाना घरभेटीचं शास्त्र तयार झालं होतं. संस्थेची माणसं येणार असा नुसता सुगावा लागला की लोक टीव्ही शेजारी हलवायचे, मिक्सर धान्याच्या पिंपात दडवायचे. एका घराने तर पंखासुद्धा उतरवून ठेवला होता, आणि त्यांच्या मुलाची निवड झाली होती. त्या पंख्याची गोष्ट संस्थेपर्यंत पोचली होती, हे आम्हाला नंतर कळलं. शेजारची बाई मायला समजवायला आली. "चांगल्या साड्या माह्याकडे ठेव. पोरीले जुना फ्राक घाल. थोडं रडजो त्याईच्यासमोर."

माय उसळली. "पाहुण्याले उघडंनागडं घर दाखवू का मी? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, समजलं?"

आणि ती काकूंकडे गेली. संध्याकाळी हातठेल्यावर काकूंचा कूलर आला. सोबत खुर्च्या, फुलांची चादर, ट्रे आणि स्टीलचे ग्लास. ग्लासांवर काकूंच्या नवऱ्याचं आडनाव घातलेलं होतं, सगळ्यांच्याच भांड्यांवर असतं तसं. बाजेची दोरी मायने बाबांकडून आवळून घेतली. धाकटी दारात उभी राहून हे बघत होती.

"माय, कूलर नको लावू."

"काहून?"

"ते गरिबाले पाहाले येऊन राहिले."

"ते तुले पाहाले येऊन राहिले," माय म्हणाली. "तुह्यासाठीच करून राहिली वं मी हे सारं. पोरगी पाहाले आले अन् घरात हवा नाही, असं होऊ देऊ?"

आपल्याकडे मुलगी बघायला येतात ते एकाच कामासाठी, आणि त्या वेळी घर चांगलं दिसावं लागतं. मायला दुसरी कुठली रीत माहीत असणार? तिने आयुष्यात एकदाही कुणाकडे हात पसरायचा कार्यक्रम ठरवून केलेला नव्हता.

जून लागला होता, तरी ऊन मे महिन्याचंच होतं. बाई, मागचेच सर आणि आणखी एक गृहस्थ आले ते घामाने निथळत. सर कूलरसमोर बसले आणि डोळे मिटून "हाऽ" म्हणाले. मायचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पन्हं झालं, भजी झाली, वर चहा झाला. सरांनी धाकटीला एक गणित घातलं, ते त्यांचं सांगून पुरं व्हायच्या आत तिने उत्तर दिलं. दुसरं घातलं, तेही दिलं. सर खुश झाले. मग भजं तोंडात टाकत त्यांनी घरभर नजर फिरवली.

"कूलर कधी घेतला?"

मी मायकडे बघितलं. पाहुणा ज्या हवेत बसलाय ती हवा मागून आणलेली आहे, हे कुठलीही गृहिणी पाहुण्याच्या तोंडावर सांगू शकत नाही. माय हसली. "उन्हाळ्यात लागतेच ना साहेब."

त्यांना गाडीपर्यंत पोचवायला मी गेले. गाडीच्या दाराशी मी सांगून टाकलं, "सर, कूलर आमचा नाही. खुर्च्यापण नाहीत. ग्लासवर नाव बघितलं नाही का तुम्ही?" बाई चपापल्या. सर हसले. "हे आम्हाला प्रत्येक घरी ऐकायला मिळतं, बेटा. टीव्ही आमचा नाही, फ्रिज आमचा नाही." त्यांनी काच वर केली.

निवड झाली नाही. 'परिस्थिती बरी आहे' असं ठरलं.

मी संस्थेच्या कार्यालयात गेले. धाकटीला सोबत नेलं नाही, नशीब. सरांना पुन्हा सगळं सांगितलं, काकूंना फोन लावून देते म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमच्या घरच्यांनी आम्हाला खोटं दाखवलं, असं तूच सांगते आहेस." इकडे आड, तिकडे विहीर. कूलर आमचा म्हणावा तर आम्ही गरीब नाही आणि आमचा नाही म्हणावा तर आम्ही खोटारडे. जे लोक पंखे लपवून बसले होते ते मात्र खरे. मला इतका राग आला की त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही, माझं होस्टेल त्यांच्याच हातात होतं.

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आत भांडून पाहिलं होतं, त्यांचा आवाज बसला होता. "मी फोन करायला नको होता ग," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसून रडले. त्यांना दोष द्यावा असं काही मला सापडत नव्हतं, आणि कुणाला तरी दोष देता आला असता तर बरं झालं असतं.

घरी मायला कसं सांगावं हेच कळेना. सांगितलं तेव्हा ती आधी समजलीच नाही. "काहून? काय कमी पडलं त्याईले?" मी समजावलं. मग ती म्हणाली, "म्हणजे पोरगी शिकवाची असन तं पाहुण्याले घाण दाखवा लागते?" धाकटी तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मायला ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. बोलली असती तर मायचं ओझं उतरलं असतं, असं मला वाटतं. काकूंचा कूलर तर घरभेटीच्या दिवशीच परत गेला होता. ठेला पुढून माय ओढत होती आणि मागून धाकटीच ढकलत होती.

तिने जवळच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. क्लास नव्हता, पुस्तकं माझी जुनी. बारावीच्या आधी बाबांचा दम इतका वाढला की ते कामावर जाईनात. ठेकेदार म्हणाला, घरचं कुणी पाठवा. मी नागपुरात होते, परीक्षा तोंडावर होती. धाकटी गेली.

आता मी प्रताप नगरातच राहते, बँकेत नोकरी करते. बाई गेल्या. सरही आता संस्थेत नाहीत. संस्था माजी विद्यार्थ्यांना घरभेटीला बोलावते आणि मी जाते. जायचं नाही असं दरवेळी ठरवते. तिथे मी कूलर बघत नाही, टीव्ही बघत नाही. पाणी आलं की ग्लासावरचं नाव वाचते आणि दारावरचं वाचते. नावं वेगळी निघाली की बैठकीत भांडते. कधी ऐकतात, कधी 'तुम्ही फार भावनिक होता' म्हणतात.

धाकटीचं लग्न वस्तीतच झालं. नवराही ठेकेदाराकडेच. ती केंद्रात साफसफाईच्या कामावर आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा ती नुकतीच पाळीवरून आली होती, भुवयांवर राख तशीच. खिळ्याला तिचं हेल्मेट टांगलेलं होतं. पिवळं. ठेकेदाराच्या माणसांना पिवळं असतं, पांढरं इंजिनिअर लोकांना. मी त्याच्याकडे बघतेय हे तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बस ताई," ती म्हणाली. "घरचीच हाय. मांगून नाही आणली."