एकाहत्तरला थांबलेला भागाकार

माझे धाकटे दीर कारखान्यात दातेरी चाकं कापायचे. नखांत पितळेचा चुरा, बोलणं मोजकं. ह्यांना घड्याळं जुळवण्याचा नाद. दोघा भावांचं त्यामुळेच जमायचं आणि त्यामुळेच वाजायचंही.

ह्यांनी एकदा चंद्राच्या कला दाखवणारं घड्याळ आखलं. गणितात आकडा आला दहा हजार एक. तो लहान संख्यांत फुटला, तर दोन लहान चाकांत काम भागणार होतं. नाहीतर तेवढ्या दातांचं एकच चाक, म्हणजे दारातून आत यायचं नाही.

"फुटतो का बघ," हे भावजींना म्हणाले.

आकडा दिसायला साधा. दोन्ही टोकांना एक, मध्ये शून्यं. उलटा वाचला तरी तोच. पण दोनाने, तिनाने, पाचाने भाग जात नाही. साताने नाही, अकराने नाही. त्याचं वर्गमूळ शंभराच्या किंचित वर, म्हणून शंभराच्या आतल्या सगळ्या अविभाज्य संख्या लावून पाहायला हव्या होत्या.

भावजी काही दिवसांनी आले. "दादा, हा फुटत नाही."

ह्यांनी आराखडा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. पुढे साखरेने ह्यांची नजर नेली.

त्यानंतर एका दुपारी भावजी येऊन स्वयंपाकघरातच उभे राहिले. "वहिनी, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस करा."

मी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला. दहा हजार एक.

कारखान्यात त्र्याहत्तर दातांच्या चाकाचं काम आलं होतं. ते कापता कापता त्यांनी सहज भागून पाहिलं होतं.

"तेव्हा कुठवर गेला होतात?" मी विचारलं.

"एकाहत्तर."

त्यापुढची अविभाज्य संख्या त्र्याहत्तरच.

"कंटाळलो होतो. पण तेवढंच नाही, वहिनी. दादाचा एक तरी बेत फसला, ह्याचं मला बरं वाटलं. म्हणून पुढे गेलोच नाही."

"मला काय सांगता? आत जाऊन सांगा."

गेले. सगळं सांगितलं, बरं वाटलेलंसुद्धा. हे मग म्हणाले, "एकच पायरी राहिली होती की रे, गिअरसम्राट," आणि हसले. भावजी हसले नाहीत.

"चाकं कापतो, दादा. जुळवतोही मीच."

"आणि बघायचं कोणी?"

भावजींनी माळ्यावरून आराखडा काढला. रोज संध्याकाळी येऊन ते घड्याळ जुळवत राहिले. चंद्र त्यांनी उठावाचा केला आणि पुढे काच बसवलीच नाही. त्यावरून बोट फिरवून हे विचारायचे, "आज अर्ध्याला थोडा कमी. बरोबर?"

"बरोबर, दादा," भावजी म्हणायचे, पण त्या बोटाकडे त्यांना बघवायचं नाही.

हे गेले. भावजी अजून दर रविवारी किल्ली द्यायला येतात. घड्याळ छान चालतं, असं मी मुद्दाम म्हणते.

"तेव्हाही चाललं असतं, वहिनी," ते म्हणतात.