जर्नेलसायबाच्या घोड्याखालनं

आमच्या गोठ्यात म्हसरांच्या जोडीला एक घोडा व्हता. साधा न्हाई, जर्नेलसायबाचा. मामंजी, म्हंजी माझं सासरं, रिसाल्यात त्येला खरारा करायचं, दाणा घालायचं. सरहद्दीवरच्या लढाईत त्येच्यावर बसून सायबानं लय नाव मिळीवलं, आन् इलायतेला जाताना घोडा मामंजींस्नी दिला. मांडीवर गोळीचा वण व्हता. आटपाडीकडनं लोकं वण बघाया यायची, आन् डांग्या खोकल्याची पोरं त्येच्या पोटाखालनं काढून न्यायची. आईनं हिकडनं द्यायचं, दुसऱ्या बाईनं तिकडनं घ्यायचं. एवढा लढलेला घोडा, त्येला बघून खोकला पळतोय म्हनं. खरं का खोटं, मला चवथी शिकलेलीला काय कळतंय?

मग माझ्याच पोरीला खोकला आला. अंगावर पिणारं पोर, खोकून खोकून निळं पडायचं, आन् मालक ब्रह्मदेशात लढाईवर. कराडचा डाक्टर औषध देऊन म्हनला, "टिकली तर हळूहळू बरी हुईल." टिकली तर!

सासूबाई म्हनल्या, "अगं, दवा दारात आन् तू कराडला पळतीस?"

"आवं आत्याबाई, लाथ मारली तर?" भांडं पडलं तरी थयथयायचा त्यो.

"जर्नेलाला पाडलं न्हाई त्येनं," मामंजी म्हनलं, "तुज्या लेकीला काय करतोय?"

मामंजींनी लगाम धरला. मी वाकली, पोरगी पुढं केली. आत्याबाईंनी पलीकडनं हात लावला, आन् तेवढ्यात पोरीला उबळ आली. घोड्यानं कान टवकारलं, पाय उचलला.

"सोड गं, सोड!" आत्याबाई वरडल्या.

सोडू कशी? हातच सुटंनात. मी तशीच पोरीसकट रांगत पलीकडं गेली, पदर शेणात. घोडा पाय वरच धरून उभा. आमी दोघी भायेर पडल्यावर मग टेकवला.

पोरीनं श्वास घेतला आन् रडली.

"आता गं?" बघाया आलेली शेजारीण म्हनली. "आईबी गेली की खालनं! गुन कुनाला यायचा?"

आत्याबाईंनी मामंजींकडं बघितलं. मामंजी घोड्याच्या मानंवर डोकं टेकवून उभं. "मलाबी म्हाईत न्हाई," एवढंच म्हनलं.

घोडा त्याच उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. बायांनी पोरांच्या मनगटाला बांधाया शेपटीचं केस नेलं, उरलेलं मी जपून ठिवलं. माझी पोरगी जगली, पर खोकला जायाला लय दिस लागलं. औषध म्हनू, का घोडा म्हनू? अजून कुनी केस मागाया आलं की मी देती, आन् वर म्हनती, "आधी कराडला जा." आत्याबाई डोळं वटारत्यात. दोन्ही कशापायी करती, ह्येच मला उमगत न्हाई.