जाड, तिरकं आणि किरणभाई

सात माणसांच्या ऑफिसात किस्से साठून साठून किती साठावेत? आमच्याकडे कपाटात फाइली कमी आणि किस्से जास्त. बहुतेकांत शेवटी सगळे मलाच हसतात, म्हणून मीच सांगते. निदान माझी बाजू तरी नीट ऐकली जाईल!

ऑफिस सुरतेत, रिंग रोडला. साडीचं डिझाइन स्टुडिओतून थेट मिलच्या छपाई मशीनवर नेणारं टूल आम्ही बनवतो. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, की फाइल हजर. तो हुकूम कसा लिहायचा हे सांगणारं हिंदी मॅन्युअल माझ्याकडे असतं. त्यातलं मार्कअप झाडूनपुसून ठेवणं हेही माझंच काम. मार्कअप म्हणजे मजकुरात पेरलेल्या खुणा : इथून जाड, इथे जाड संपलं, इथून तिरकं. जाड शब्द आहे तसा टाइप करायचा, तिरक्या शब्दाच्या जागी आपलं काय ते घालायचं. वाचणाऱ्याला खुणा दिसत नाहीत, पण एक जरी चुकली तरी तो फसतो.

*

फसले ते भिकनदादा. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये छपाई मशीनवर असतात, मूळचे आमच्याच खानदेशातले.

मॅन्युअलात हुकुमाच्या शेवटी 'फाइल' हा शब्द होता. तो तिरका हवा होता, म्हणजे तिथे डिझाइनचं नाव घालायचं. माझ्या हातून खूण राहिली आणि तो जाड छापला गेला. भिकनदादांनी इमानदारीत प्रत्येक डिझाइन 'फाइल' याच नावाने आणलं. सकाळी मोर आला, त्याचं नाव फाइल. दुपारी हत्ती आला, त्याचंही नाव फाइल! हत्ती मोराच्या जागी जाऊन बसला आणि मोराच्या ऑर्डरचा अख्खा तागा हत्तींनी भरला.

ऑफिसात सगळे म्हणाले, ऑपरेटर अडाणी आहे. मी म्हटलं, "अडाणी ते नाहीत. त्यांनी छापलंय तेच केलं. चूक माझी आहे आणि मी तसं मिलला कळवलंय."

आमचे मालक किरणभाई खुर्चीतून उठलेच. "कळवलंय? मनीषाबेन, वाचून माणसं चुकतात, तर वाचायलाच कशाला द्यायचं? आणि तसंही मॅन्युअल कोण वांचे छे? उत्तरायणापर्यंत, तुमच्या संक्रांतीपर्यंत, समजून वाचणारा एक माणूस मला दाखवा. नाहीतर मॅन्युअल बंद, आणि तुम्ही हेल्पलाइनच्या फोनवर!"

"दाखवते," मी म्हटलं. कुठून दाखवणार होते, देव जाणे. पण फोनवर बसायला मी जन्माला आले नव्हते.

*

मग झाडलोट सुरू केली. पहिला अडथळा भूषण. टूल लिहिणारा हुशार प्रोग्रॅमर, पण मॅन्युअलची तीन पानं त्याने लिहिली होती आणि तिन्ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत जाड!

"भूषण, हे काय?"

"ताई, सगळंच महत्त्वाचं आहे."

"अरे, ही काय लग्नपत्रिका आहे? एका काकाचं नाव बारीक झालं तर सगळं घर रुसेल म्हणून सगळेच काका जाड?"

मी दिवसभर बसून एकेक काका बारीक केला. संध्याकाळी भूषण येऊन म्हणतो, "ताई, आता मलाही कळतंय मी काय लिहिलं होतं ते."

*

दुसरा अडथळा साक्षात शुभ. किरणभाईंना पहिल्या पानावर सगळ्यात वर 'श्री' पाहिजे. वहीवर असतो, दुकानाच्या पाटीवर असतो, मग मॅन्युअलवर का नको? लाभपाचमेला, दिवाळीनंतर दुकानं पुन्हा उघडतात त्या दिवशी, त्यांनी भूषणकडून तो मला न विचारता घालून घेतला.

आता कॉम्प्युटर टूलांची यादी करतो तेव्हा मॅन्युअलात सगळ्यात वर जे असेल तेच टूलचं नाव समजतो. दुसऱ्या दिवशी आमचं टूल यादीतून गायब. शोधशोध शोधलं, तेव्हा सापडलं. नाव : श्री. काम : फाइल इकडून तिकडे नेणे!

किरणभाई म्हणाले, "शुभ तो छे ने!"

मी श्री काढला नाही. ओळीच्या आधी एक खूण टाकली. त्या खुणेने ओळ मजकुरात राहते, पण छापली जात नाही. किरणभाईंनी पान उलटसुलट करून पाहिलं. "क्यां छे? दिसत नाही."

"किरणभाई, देव कधी दिसलाय का तुम्हाला?"

त्या दिवशी त्यांनी चहा मागवला तेव्हा मला विचारलं नाही.

*

घरी, डिंडोलीत, वेगळीच तऱ्हा. आई एक दिवस म्हणाली, "दिनभर काय करस व तू तठे?"

मी सांगितलं, आज बावन्न खुणा दुरुस्त केल्या. कुणाला दिसणार नाहीत, पण राहिल्या असत्या तर सगळ्यांना त्रास.

आई पंधरा वर्षं घरी बसून धागाकटिंग करते. भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे येतात, ती उलट्या बाजूचे सुटे धागे कापून देते. ती म्हणाली, "मंग तू बी धागाच कापस ना!" आणि कात्री उचलून पुन्हा कामाला लागली.

एवढं शिकले, त्याचं हे! मला राग यायला हवा होता. उलट इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

*

इकडे किरणभाईंनी मॅन्युअलला पर्याय म्हणून व्हिडिओ काढला. स्वतः बोलले, छान शर्ट घालून. सगळ्या मिलांना पाठवला आणि मला ऐकवलं, "जमाना बदललाय, मनीषाबेन."

दोन दिवसांनी सगळ्या मिलांकडून एकच निरोप आला : मशीन चालू असताना शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, व्हिडिओ कुठून ऐकणार? एकाने लिहिलं होतं, "शर्ट अच्छा है."

मी हसले नाही. म्हणजे, समोर हसले नाही.

*

उत्तरायणाला चार दिवस उरले. किरणभाई म्हणाले, "चला सचिनला. तुमच्या त्या मोरवाल्यालाच विचारू, वाचतो का." मी गाडीत मागे बसले. भिकनदादांनी हत्तींनंतर मॅन्युअल फेकून दिलं असेल, तर त्यांना दोष देणार कोण?

मिलमध्ये शिफ्ट बदलत होती, दहाबारा जण मशीनभोवती उभे होते. किरणभाईंना कुणी ओळखत नव्हतं. भिकनदादांनी खुर्ची पुढे केली, तशी किरणभाईंना उगाच हुशारी आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "इसमें पढ़ने का क्या है? मैंने खुद बनवाया है! देखो, बिना मॅन्युअल के!"

बसले आणि टाइप केलं. पडद्यावर आलं : अशी फाइल नाही.

पुन्हा टाइप केलं. अशी फाइल नाही.

तिसऱ्यांदा शर्टाच्या बाह्या वर करून, एका बोटाने, एकेक अक्षर दाबत टाइप केलं. मागे सगळी शिफ्ट श्वास रोखून उभी. अशी फाइल नाही!

भिकनदादांनी फडक्याला हात पुसले. मशीनमागच्या खिळ्यावरून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. माझं मॅन्युअल, नवीन प्रत, रंगाच्या बोटांचे ठसे उमटून कडा निळ्याजांभळ्या झालेली. थुंकी न लावता, न शोधता, एका झटक्यात 'फाइल' तिरकं असलेलं पान उघडलं आणि किरणभाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"सेठ, पन्ना चौदह," ते म्हणाले. "आराम से पढ़ो. हम सब रुकते हैं."