लाल गाडी, तुरीचं वरण आणि लातूरची वाट

घुर्रर्र... खट्... घुम्म्.

उदगीरच्या शाळेत आम्ही सगळे एका सुरात कविता म्हणत असू, तेव्हा किल्ल्याकडच्या रस्त्यावर कुणा साहेबाची उघडी मोटार गिअर बदलायची, तिचा हा आवाज. अख्ख्या वर्गाची चाल मोडायची. गुरुजी टेबलावर छडी आपटून पुन्हा ताल धरायचे. मी मात्र तोवर खिडकीतून निघून गेलेलो असायचो.

तो आवाज मला सत्तरी ओलांडल्यावर परत मिळाला, तोही उदगीरलाच, एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात. लाल रंग, दोन दारं, दोनच सीट. त्यानं ती मुलासाठी घेतली आणि मुलगा परदेशी गेला. मग दरवर्षी दसऱ्याला हार, हळदकुंकू आणि परत ताडपत्री. बारा वर्षांत जेमतेम नऊ हजार किलोमीटर. "सर, नवीच हाय समजा," तो म्हणाला. मी समजलो.

नांदेडला घरासमोरच्या गल्लीत ती आणून लावली तेव्हा आमच्या निर्मलाबाई गॅलरीत उभ्या होत्या. खाली आल्याच नाहीत. रात्री जेवताना अट घातली. गाडी आधी लातूरला न्यायची. तिथं अशा गाड्यांचा मेकॅनिक आहे आणि तिची थोरली बहीण कमलताईही आहे. वाटेत एकदाही बंद पडली नाही, तर माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला ती याच गाडीतून येणार. पडली तर ती एसटीनं जाणार आणि मी गाडी विकायची. मी लगेच कबूल केलं. नऊ हजार चाललेली गाडी कशाला बंद पडेल?

सकाळी सुशीला खाऊन निघालो. (बाहेरच्या वाचकांसाठी: चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की आमचा सुशीला.) लोहा, अहमदपूर, चाकूर असा सरळ रस्ता आहे. थांबत गेलात तरी तीन तासांत लातूर. फक्त गाडी बुटकी असेल तर गतिरोधक तिरपा घ्या, एकेक चाक चढवत. मी प्रत्येक गतिरोधकावर आधी निर्मलाची माफी मागत होतो, मग गाडीची. अहमदपूरला चहाला थांबलो, तर एक मोटारसायकलवाला खाली वाकून बघत म्हणाला, "काका, ही बसून चालवायची का झोपून?" निर्मला हसली. मला वाटलं, जिंकलो.

इंजिनही सुरात होतं. चार सिलिंडर, जणू भुजंगप्रयाताचे चार यगण: लगागा लगागा लगागा लगागा. मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता. शिरूर ताजबंदच्या पुढे ओळ अडखळली. तीनच यगण ऐकू यायला लागले. मग दोन. मग बाभळीच्या झाडाखाली पूर्णविराम.

निर्मलानं पिशवीतून थर्मास काढला आणि एकच कप भरला. स्वतःचा.

थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली आणि लंगडत लातूरला पोचली. कमलताई निवृत्त मुख्याध्यापिका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, जशी वर्गाची तपासणी करतात. "माधवराव, या वयात हे शोभतं का?" मग छतावर हात ठेवून, जरा हळू आवाजात, "पळते किती?"

मेकॅनिक उस्मानभाई. त्यांनी आधी पेट्रोलला दोष दिला, मग प्लगला, मग नांदेडच्या हवेला. मी म्हणालो, चौथा ठोका पडत नाहीये. ते म्हणाले, "सर, गाडी हाय, गाणं न्हाई." तरी चौथ्या सिलिंडरची वायर बघितली, तर उंदरानं कुरतडलेली. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि त्यातून तूर सांडली. थोडी नाही, चार माणसांचं वरण होईल एवढी.

"गाडी घेतली का गोदाम?" उस्मानभाईंना हसू आवरेना. शेजारच्या दुकानातला चहा थांबला, लोक तूर बघायला आले.

तर वाचकहो, कमी चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. टायरची नक्षी बघू नका, बनल्याचं साल बघा. माझे टायर दिसायला कोरे, पण पाटीसारखे कडक. ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, बेल्ट, सगळं बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. खर्च टोचतो, पण घाटात ब्रेक न लागण्यापेक्षा बरा. आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा तरी फिरवा. आम्हा निवृत्तांना डॉक्टर हेच सांगतात.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. निर्मला मात्र ठाम. "विकल्यावर न्यायला या. कशातूनही या, यातून नको." मी एकटाच निघालो. बाजूच्या सीटवर तिनं विसरलेला थर्मास होता. त्याला पट्टा लावला, कारण गाडी सारखी पीं पीं करत होती. एसी लावला की तूर भाजल्याचा वास यायचा. चारही यगण परत आले होते. बाभळीपाशी मी मुद्दाम थोडा हळू झालो. तिथं थांबून चहा प्यावा असं वाटलं, पण कप एकच होता आणि ऐकायला कुणी नव्हतं.

घरी येऊन जाहिरात लिहायला बसलो. 'कमी चाललेली' एवढं लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. लहानपणीचा आवाज परत मिळाला होता, पण शेजारची सीट रिकामी असेल तर तो नुसताच आवाज.

सकाळी दार वाजलं. व्यापारी असेल, तूर मागायला आला असेल, असं म्हणत उघडलं.

कमलताई. काळा चष्मा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हातात छोटी पिशवी. पहिल्या एसटीनं आल्या होत्या.

"दोनच सीट आहेत ना? चला माहूरला. निर्मला एसटीनं जाणार म्हणाली होती, जाऊ द्या तिला."

"तिला माहीत आहे?"

"वाटेत तिचाच फोन आला होता." त्यांनी रुमालाची गाठ आणखी आवळली. "मागच्या बसमध्ये बसलीय. म्हणाली, माझ्या जागेवर बसलीस तर बघ. म्हणून म्हणते, लवकर किल्ली घ्या."