दिलगिरीच्या शोधात: जळगाव ते देवपूर

चुलत भावाच्या लग्नात पंगतीला बसले होते. जिलबी वाढता वाढता दोंडाईच्याच्या काकांनी सगळ्यांसमोर टोला हाणला. "तुना बाप मोठा पत्रकार व्हता म्हने! शेवट दिलगिरी छापीसन शेपूट घालंच ना?"

माझे वडील, आमचे नाना, दोंडाईच्यात एका जुन्या खानदेशी दैनिकाचे वार्ताहर होते आणि तोच पेपर सायकलवरून घरोघरी टाकायचेही. मी चौथीत असताना त्यांनी बातमी दिली, की मिरचीच्या बाजारातले काही वजनकाटे खोटे आहेत. आठवड्याच्या आत पेपरने दिलगिरी छापली आणि गावाने नानांना कायमचं भित्रं ठरवलं. ते यावर कधी बोलले नाहीत, आणि आता विचारायला नानाच उरले नाहीत. मी पानावरून उठले ती ठरवूनच. ती दिलगिरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. त्यांनी खरंच माघार घेतली असेल, तर तेही कळू दे एकदाचं.

नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली की जेवायला जळगाव. मुक्काम पिंप्राळ्यात मावसबहिणीकडे होता. स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या आणि थंडीत जात असाल तर भरीत-पुरी चुकवू नका. 'तिखट कमी कराल का' असं मात्र विचारू नका, उगाच हसं होतं.

पेपरचं मुख्य ऑफिस आता काचेचं झालंय. दारातच पायाने चालवायचं पहिलं छपाईयंत्र ठेवलंय, त्याला ताजा हार. फायली सांभाळणाऱ्या गृहस्थांनी हौसेने इतिहास सांगितला: आधी चार पानी साप्ताहिक, मग दैनिक, मग धुळ्याची वेगळी आवृत्ती. दोंडाईचा धुळे जिल्ह्यातलं, म्हणून मी त्याच धुळे आवृत्तीच्या फायली मागितल्या.

"त्या नाहीत ताई. धुळ्याचं ऑफिस बंद केलं तेव्हा रद्दीत काढल्या."

"सगळ्या?"

"तिथेच देवपुरात आपले एक जुने जुळारी आहेत, सुकलाल आबा. ते हातगाडी घेऊन आले आणि भांडून बऱ्याच घेऊन गेले म्हणतात."

जुळारी म्हणजे शिशाचे खिळे हाताने जुळवून मजकूर उभा करणारा माणूस. बाहेर पडताना त्या हाराकडे बघून माझं डोकंच फिरलं. यंत्राची पूजा, आणि त्यावर जे छापलं ते रद्दीत!

दुसऱ्या दिवशी एसटीने पारोळामार्गे धुळं गाठलं. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता झकास, शेजारच्या अक्कांनी शेंगदाण्याची चटणी-भाकरी हातावर ठेवली ती वेगळीच. पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. आबांचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. नानांचं नाव सांगताच त्यांनी खाटेखालून फायली ओढायला सुरुवात केली.

तासाभराने ती सापडली. तीन ओळींची चौकट. दोंडाईच्याच्या वजनकाट्यांची बातमी अपुऱ्या माहितीवर दिली, याबद्दल दिलगीर आहोत. मी ती दोनदा वाचली. म्हणजे काकांचंच खरं होतं?

"ती मालकनी छापी," आबा म्हणाले. "जाहिराती बंद व्हयन्या म्हनीसन. तुना बापले पेपर वाटताना समजनं. आते पुढला दिवसना भाव वाच."

बाजारभावाचं सदर. रोजचे भाव कळवणं हेही वार्ताहराचंच काम; नाना ते पाकिटात घालून धुळ्याच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. दोंडाईचा, लाल मिरची, भाव. आणि त्याला जोडून, त्याच बारीक टाइपात: 'माल देण्यापूर्वी बाहेरच्या काट्यावर वजन करून पाहावे.'

मी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही. मिरचीचा अख्खा हंगाम, रोज.

"मालकांनी पकडलं नाही?"

आबा दात नसलेलं हसले. "मालक बठ्ठा पेपर वाचे, पन भाव वाचे नही. शेतकरी पहिले भावच वाचे. तो ओळ धाडे, मी खिळा जुळाई देऊ. मालकले समजतं तं दोन्हीसनी नोकरी जाती, पन ओळ गयी नही."

मी तिथेच रडले, आबांच्या सुनेने केलेला चहा गार होईपर्यंत. नानांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मीही काकांचंच खरं धरून चालले होते.

आता नाशिकला परत आलेय. थोड्या फायली मी स्कॅन करायला आणल्यात, बाकीच्यांसाठी आबांकडे पुन्हा जाणार आहे. त्यासाठी जळगावच्या ऑफिसची परवानगी मी विचारलेली नाही आणि विचारणारही नाही.

काकांना सगळ्या पानांचे फोटो पाठवले. संध्याकाळी फोन आला. आवाज उतरला होता. "आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही गं त्यानं."

"काका," मी म्हटलं, "नाना रोज तुमच्या दारात टाकून जात होते."