काकीच्या डोक्यावरचं पाणी

चर्चच्या पेजवर, काकीच्या व्हिडिओखाली आलेला तो पहिला परका प्रश्न अगदी साधा होता. ‘ही बाई कोण आहे?’ सोबत ना शिवी, ना रागाचं चिन्ह. प्रोफाइलवर चेहऱ्याऐवजी मावळत्या सूर्याचा फोटो. दुपारी जेवता जेवता मी तो वाचला, उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. आमच्याकडे कुणी बाई कोण असं विचारत नाही. कोणाची कोण, असं विचारतात. हे विचारणारा माणूस लांबचा होता आणि त्याला आमच्या शेजारच्या काकीशी ओळख करून घ्यायची नव्हती, एवढं मला तेव्हाच जाणवलं. मी ताटावरून उठून हात धुतले आणि प्रश्न तसाच राहू दिला.

पेज फादरांनी सुरू करायला लावलं होतं. फादर दुसरीकडून बदलून आलेले, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. मालवणजवळच्या आमच्या किनाऱ्यावरच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या आणि मागचे बाक रिकामे, हे त्यांना पहिल्या महिन्यातच खुपायला लागलं. बरीच मुलं गोव्याच्या हॉटेलांत, मुंबईत, जहाजांवर. जी गावात होती ती मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत बाहेर भेंडीच्या झाडाखाली मोटरसायकलींवर बसून असत. ‘मुलं आत का येत नाहीत?’ असं फादरांनी एका रविवारी विचारलं. घरी आल्यावर आई म्हणाली, “आत काय आसा तेंका? भिंती इतक्यो जाड, रेंजय नाय.”

मी एका होमस्टेचं पेज सांभाळत होते. पर्यटकांना डॉल्फिन, होडी, ताटातली सुरमई दाखवायची. हे फादरांना कुणीतरी सांगितलं. मी चार माणसांत बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी ऐकून लहानपणी पुष्कळ हसू झालंय, त्यामुळे चर्चमध्ये वाचायला मी कधीच उभी राहिले नव्हते. फादरांनी ते ओळखलं असावं. “तुला बोलायचं नाहीये,” ते म्हणाले. “फक्त दाखवायचंय. मुलं फोनमध्ये आहेत ना? मग आपण तिथे जाऊ.”

त्यांचे नियम दोनच होते. पेजवर प्रवचन टाकायचं नाही, आणि आलेल्या प्रत्येक मेसेजला माणसानं माणसाला द्यावं तसं उत्तर द्यायचं. मी घंटेचा दोर ओढणारे हात दाखवले, नाताळची नेवरी तळणाऱ्या बायका दाखवल्या, पावसाळ्यात कौलांवरून उतरणारं शेवाळ दाखवलं. जहाजावरच्या एका मुलानं लिहिलं, ‘घंटा आता कोण वाजवता?’ मी वाजवणाऱ्याचा व्हिडिओ पाठवला. त्यावर त्यानं लिहिलं की आईला बरं नाही. फादर त्याच दिवशी त्याच्या आईकडे जाऊन आले. पुढे झाडाखालची मुलंही ‘आमका घेय गो’ म्हणत कॅमेऱ्यासमोर यायला लागली. फादर खूश होते. मीही होते.

मग नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या निघायचा दिवस आला.

आमच्या किनाऱ्यावर एक खुरीस, म्हणजे क्रूस आहे, वाळू संपते तिथे, चुना लावलेल्या चौथऱ्यावर. समुद्राला नारळ दिला की होड्या त्या खुरसासमोर ओळीनं लावतात. फादर येतात, प्रार्थना म्हणतात आणि झावळीच्या पात्यांनी होड्यांवर, जाळ्यांवर, जवळ उभ्या असलेल्या माणसांवर मंतरलेलं पाणी शिंपडतात. होडी कुणाची, त्यात जाणारे कोण, हे कुणी बघत नाही. शेजारच्या काकांची होडी दरवर्षी तिथे असते. काका हिंदू. गावच्या देवीच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्यांच्या घराचा. काकी त्या पाण्याला फादरांचं तीर्थ म्हणायची.

“फादरांचा तीर्थ लागला काय इंजिन बंद पडना नाय,” ती त्या दिवशीही सगळ्यांना सांगत होती.

“मगे त्या मेकॅनिकाक कित्या पोसतंव आमी?” काका होडीतून ओरडले.

मी व्हिडिओ काढत होते. होमस्टेच्या कामातून मला एक गोष्ट पक्की कळली होती: पाण्याचे थेंब उन्हात संथ गतीनं पडताना लोक बघत राहतात. मी काकीजवळ गेले. तिनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, मान खाली घातली. फादरांचा हात, पांढरी बाही, थेंब, तिच्या कपाळावरचं कुंकू ओलं होताना. फार सुंदर निघालं ते. खाली मी लिहिलं, ‘सगळ्यांचं स्वागत आहे.’ फादरांना दाखवलं, त्यांना आवडलं. काकीला दाखवलं तेव्हा ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. “नाक केदा दिसता गो माझा! वैभववाडीच्या बहिणीक धाड ह्यां.”

त्यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, वाटणं शक्यही नव्हतं. बघणाऱ्या प्रत्येकाला होड्यांचा दिवस ठाऊक होता. पण त्या चौकटीत होडी नव्हती. समुद्रही नव्हता. फक्त हिंदू बाईचं झुकलेलं डोकं आणि त्यावर पाणी टाकणारा झग्यातला हात.

‘ही बाई कोण आहे?’च्या पाठोपाठ बाकीचे आले. गाव कुठलं? कशाच्या बदल्यात? नवऱ्याला माहीत आहे का? मग कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, वर लाल अक्षरं घालून, ढोलाच्या आवाजासकट स्वतःच्या पेजवर टाकला. मी आमचा व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या मैत्रिणी तो मलाच पाठवायला लागल्या. ‘हे तुमच्याकडचं ना गं?’

एका सकाळी किनाऱ्यावर गाडी आली. दोन माणसं उतरली. पर्यटक समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. ही समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. त्यांनी खुरसाचे फोटो काढले, चौथऱ्याचे काढले, मागच्या माडांचे काढले. चहाच्या टपरीवर विचारलं, “ही जागा कुणाची?”

“भरती इली काय समुद्राची,” टपरीवाला म्हणाला.

ते हसले नाहीत. चहा अर्धा टाकून गेले.

मग तो तुकडा आमच्याच गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर पोचला. जत्रा तोंडावर आलेली. तिथून देवळात निरोप आला: बाटलेल्या घराचा खांदा देवीच्या पालखीला कसा चालेल? गावातले मानकरी काकांना ओळखत होते, त्यांच्याबरोबर वाढले होते, खुरसासमोर त्यांच्याही होड्या लागत. तरी कुणी ‘हे खोटं आहे’ असं ग्रुपवर लिहिलं नाही. त्यांनी ठरवलं की देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यापुढे गावात कुणाचं चालत नाही. तोपर्यंत काकांनी पालखीला हात लावायचा नाही.

काकी मागच्या दारानं आमच्याकडे आली. रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट होतं.

“त्या पाण्याचा काय केलंस गो तू?”

“तिणां काय केल्यान?” आई म्हणाली. “तूच बघून हसलंस मां?”

“हसलंय. आता सासू रडता. सासऱ्याच्या बापाशीपासून खांदो आमचो. आणि आता माका इचारतत, तू खुरसाकडे मेणबत्ती कित्या लावतंस? आजपासून लावतंय काय मी?”

फादर स्वतः मानकऱ्यांना भेटायला निघाले होते. त्यांतल्या सगळ्यात वयस्क माणसानं फोनवर त्यांना काकुळतीनं सांगितलं, “फादर, येव नकात. तुमी इलात तर उलटा होतला.” फादरांनी स्कूटरची किल्ली परत खिळ्याला लावली आणि मला म्हणाले, “पेज बंद कर.” मी त्यांच्यासमोर बंद केलं.

पण त्याआधीच्या काही दिवसांत पेजवर वेगळीच गर्दी झाली होती. ज्या मुलांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती ती गोव्याहून, मुंबईहून, जहाजांवरून लिहीत होती. परक्यांच्या शिव्यांना शिव्या देत होती. सुट्टी काढून काही गावात आली. त्या रविवारी मी कॉयरच्या कोपऱ्यात उभी होते. घंटा व्हायच्या आधीच मुलं आत शिरली आणि मागचे सगळे बाक भरले. म्हाताऱ्या मागे वळून बघत होत्या, हसत होत्या, प्रार्थनेची पुस्तकं हातोहात मागे पाठवत होत्या. फादर वेदीपाशी आले, मान वर केली, बाक बघितले आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

मिस्सानंतर मुलं त्यांच्याभोवती जमली. “फादर, आमी खुरसाकडे बसतलंव. पाळीपाळीन.”

“कशासाठी?”

“राखणीक.”

“कुणापासून?”

झाडाखाली नेहमी पुढच्या गाडीवर बसणारा मुलगा म्हणाला, “तुमीच बोलवत होतात मां, फादर? इलंव आमी.”

मी फादरांचा चेहरा बघितला आणि मग खाली फरशी बघत राहिले.

कौलाच्या दिवशी सकाळी मुलांच्या ग्रुपवर मेसेज फिरला: काकांबरोबर देवळापर्यंत सगळ्यांनी जायचं. त्याखाली हृदयांच्या रांगा. काकांना कुणी विचारलं नव्हतं. मी फादरांकडे पळत गेले, फोन त्यांच्यापुढे धरला. ते स्कूटर काढेपर्यंत मी मागे बसलेही होते.

खुरसाकडे दोन्ही बाजूंना मोटरसायकली लागल्या होत्या.

“तुम्ही देवळाच्या आवारात पाय ठेवलात,” फादर म्हणाले, “तर देवीला विचारायच्या आधीच काकांचा निकाल लागेल. कळतंय का?”

“मगे काय हयच बसान रवाचा?”

“घरी जा.”

“आमच्या काकांका असा एकट्याक सोडून?”

घरी कुणी गेलं नाही. देवळाकडेही गेले नाहीत, एवढंच. थोड्या वेळानं काका रस्त्यानं आले. धुतलेलं धोतर, अनवाणी, एकटे. पुढच्या गाडीवरचा मुलगा ओरडला, “काकानू, भियाव नकात! आमी आसंव!” काकांनी मान वळवली नाही. फक्त त्यांची चाल वाढली. पुढे साकवाजवळ दुसरी मुलं उभी होती, ह्यांच्याच वयाची, तशाच मोटरसायकली, हातात फोन. ह्यांच्याबरोबर क्रिकेट खेळणारी. त्यांनी काकांना वाट दिली आणि मग सगळे ह्या बाजूला बघत उभे राहिले. ही मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. कुणी काहीच बोललं नाही, शिवीसुद्धा नाही. नेहमी एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही.

दुपारी काकी मागच्या दाराशी उभी राहिली.

“देवीन उजवो दिल्यान.”

आईनं कपाळाला, छातीला हात लावून खूण केली. “बरा झाला बाय. बस जरा. पाणी घे.”

काकी बसली नाही. “खांदो आमचोच रवलो. पण सगळ्यांसमोर सांगल्यानी, हेच्यापुढे होडी खुरसाकडे लावूची नाय, घरातल्या कोणी थय उभ्यां रवाचा नाय. ह्यां काय देवीन सांगूक नाय. ह्यां तेंनी आपणच ठरवल्यानी.”

आई काहीतरी बोलणार होती, पण काकीनं फोन माझ्यापुढे धरला. “ता पेज बंद केलंस मां?”

“हो काकी. फादरांच्या समोर.”

“मगे भाचीन आता ह्यां काय धाडल्यान?”

मुलांनी स्वतःचं पेज काढलं होतं. नाव आमच्या किनाऱ्याचं, फोटो आमच्या खुरसाचा. त्यावरचं पहिलंच चित्र सकाळचं होतं. पाठमोरे काका देवळाच्या रस्त्याला लागलेले, आणि कोपऱ्यात खुरसाची एक बाजू. खाली लिहिलं होतं, ‘आमचे काका. कोणी हात लावून दाखवा.’

“हो फोटो खयसून काढलो?”

“खुरसाकडून.”

“तुमच्या पोरग्यांनी?”

मी मान हलवली. काकीनं चष्मा आणला नव्हता. तिनं चित्राखालच्या ओळींवर बोट ठेवलं. “आणि ह्या खाली काय लिवलाहा?”

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “वाच. आज नाय तर उद्या कोण तरी वाचतलाच.”

पहिली ओळ एका परक्याची होती: ‘म्हणजे खरंच त्यांचे झालेत.’ दुसरी गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपमधल्या एका पुढाऱ्याची. काकीच्या लग्नात पंगतीला वाढणारा तो माणूस. मी ती सावकाश वाचली, कारण मोठ्यानं वाचताना माझा आवाज अडकतो. ‘देवीसमोर खोटं बोललेत. कौल परत लावायला हवा.’

काकीनं फोन घेतला आणि कुंपणाच्या खिंडीतून तिच्या अंगणात गेली. काका दोरीवर धोतर वाळत घालत होते, जत्रेसाठी. तिच्याकडे बघून ते काहीतरी हसत म्हणाले. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, फोन पदराखाली धरून.